गज धरणारा हात
सूर आणि शरीर : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण व्हायोलिनचा गज पाहिला. घोड्याच्या शेपटीचे दीड-दोनशे केस, त्यांना चोळायची राळ आणि सगळं मिळून वजन जेमतेम ६० ग्रॅम. एवढीशी काडी धरायला ते काय लागतं? पण भल्याभल्या वादकांची कारकीर्द त्या काडीवरच्या हातापाशी येऊन अडली आहे. यहुदी मेन्युहिन यांची अडली, तीही जगभर नाव झाल्यावर.

१९१६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेला हा मुलगा अकराव्या वर्षी कार्नेगी हॉलमध्ये बेथोव्हनचा कन्चर्टो वाजवून मोकळा झाला. कन्चर्टो म्हणजे एका वादकाने अख्ख्या ऑर्केस्ट्राला सोबत घेऊन वाजवायची, बहुधा तीन भागांची रचना. १२ एप्रिल १९२९ ला बर्लिनमध्ये त्याने असे तीन कन्चर्टो एकाच संध्याकाळी वाजवले. बाख, बेथोव्हन आणि ब्राम्स! तेरावं वर्ष पुरं व्हायला अजून दहा दिवस होते. सोळाव्या वर्षी खुद्द संगीतकार एल्गार यांच्या संचालनाखाली त्यांचाच कन्चर्टो रेकॉर्ड झाला.

या सगळ्यात एक कच्चा दुवा होता आणि तो एका म्हाताऱ्या उस्तादाने फार लवकर हेरला होता. दहा वर्षांचा यहुदी बेल्जियममध्ये युजीन इझाय यांच्यापुढे वाजवायला उभा राहिला. लालोची ‘सिंफनी एस्पान्योल’ झोकात झाली. मग इझाय म्हणाले, आता ए मेजरचा आर्पेजिओ चार सप्तकांत वाजव. म्हणजे सा-ग-प-सा असे सुटे सूर चढवत न्यायचे. मुलगा तारांवर चाचपडू लागला. राग रंगवणाऱ्या पोराला साधे पलटे येऊ नयेत, तसला प्रकार. घोटून मेहनत कर, असा सल्ला मिळाला. पोरगा मात्र पॅरिसला व्हायोलिनवादक एनेस्कूंकडे गेला. तिथे संगीत भरभरून मिळालं, पलटे नाहीत.

मग महायुद्ध आलं. दोस्त सैन्यासाठी पाचशेच्या वर कार्यक्रम, छावण्यांत, इस्पितळांत, मिळेल त्या हवेत. १९४५ च्या जुलैत बेंजामिन ब्रिटनना पियानोवर घेऊन ते बेल्झनच्या छळछावणीतून सुटलेल्यांसाठी वाजवून आले. युद्ध संपलं, तिशी आली आणि उजवा हात कुरकुरू लागला.

इथे थोडं थांबून हाताकडे नीट बघू. गजाचा मुठीकडचा भाग तारेवर असतो तेव्हा हाताचं सगळं ओझं तारेवर पडू पाहतं. करंगळीने काडी तोलून ते उचलून धरायचं. गज टोकाकडे सरकतो तसं वजन कमी पडू लागतं; मग मनगट-कोपरामधला हात किंचित आत वळवून तर्जनीने भर घालायची. ऐकणाऱ्याला यातलं काही कळता कामा नये, सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा हवा. हे जमायला खांदा सैल लागतो. खांदा आखडला की कंप सुटतो आणि गजाच्या टोकापर्यंत तो वाढत जातो. द्रुत तानांमध्ये तो झाकता येतो. संथ, लांब, हलका गज ओढताना पितळ उघडं पडतं.

लहानपणी मेन्युहिनना हे आपसूक जमायचं. पण शरीर बदलल्यावर ‘मी हे करतो तरी कसं?’ असा प्रश्न पडला आणि उत्तर देणारी शिस्त पाठीशी नव्हती.

१९५२ साली नेहरूंच्या निमंत्रणावरून मेन्युहिन भारतात आले, दुष्काळ निवारणासाठी कार्यक्रम केले. योगाची गोडी आधीच लागली होती; दिल्लीत नेहरूंना त्यांनी शीर्षासनही करून दाखवलं. मुंबईत त्यांना भेटायला पुण्याहून एक तरुण योगशिक्षक आले, बी. के. एस. अय्यंगार. वेळ ठरली होती पाच मिनिटांची. अय्यंगारांनी त्यांना शवासनात झोपवलं आणि थकलेले मेन्युहिन तिथेच गाढ झोपी गेले. जाग आल्यावर पाच मिनिटांचा हिशेब कोण ठेवतो! १९५४ मध्ये त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतलं. पुढे एक घड्याळ भेट दिलं, त्यामागे अय्यंगार हे आपले सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक असल्याचं कोरलेलं होतं. अय्यंगारांनी गज शिकवला नाही, खांदा मोकळा केला.

त्याने हात पूर्ववत झाला का? नाही. पन्नाशीनंतरच्या मैफलींत गज अडखळतो, हे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं आणि समीक्षकांनीही हातचं राखून लिहिलेलं नाही. तरी संचालक फुर्टव्हेंगलरसोबतचा १९५३ चा बेथोव्हन लावून बघा. मधल्या संथ भागात सूर जपून, विचार करून ठेवलेला वाटतो. पोरवयातल्या बिनधास्त वादनापेक्षा मला तो अधिक भिडतो. यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील.

१९६३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये मुलांसाठी शाळा काढली. व्हायोलिनचे सहा पाठ देणारं त्यांचं पुस्तकही आहे. त्यात आधी श्वासाचे आणि अंग मोकळं करण्याचे व्यायाम येतात, व्हायोलिन मागाहून.

पुढच्या आठवड्यात डावा हात. पाश्चात्त्य वादक उभ्याने वाजवतो आणि आपला मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून. त्यामुळे मींडेला काय मोकळीक मिळते, ते पाहू.