दुकानामागचा वर्ग

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा विषय निघाला की मोर्चे आठवतात, मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण आठवतं. पण साउथ कॅरोलायनात मतदार म्हणून नाव नोंदवायचं, तर गरीब माणसाला आधी राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. ज्यांना धड शाळा मिळू दिली नाही, त्यांचीच वाचनाची परीक्षा!

तिथल्या जॉन्स बेटावरून चार्ल्सटनला कामावर जाणाऱ्यांची ने-आण इसाव जेन्किन्स आपल्या बसमधून करत. बसमधल्या एका बाईंनी त्यांच्याकडे हट्टच धरला, मला वाचायला शिकवा, मतदार व्हायचंय. मग जाता-येता बसमध्येच घटनेचे धडे सुरू झाले. बेटावर प्रौढांचे वर्ग पूर्वीही निघाले होते. पण बसायला लहान मुलांच्या खुर्च्या. थोराड माणसं त्यात अवघडली आणि यायची बंद झाली.

टेनेसीतली हायलँडर लोकशाळा मदतीला आली. तिथे सेप्टिमा क्लार्क होत्या. नागरी हक्कांच्या एका संघटनेचं सदस्यत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६मध्ये त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली होती. नव्या वर्गासाठी मात्र शिक्षकी पेशातलं माणूस नकोच, असं ठरलं. निवड झाली ती बर्निस रॉबिन्सन यांची. त्या क्लार्क यांच्या नात्यातल्या. केशरचना आणि शिवणकाम करणाऱ्या.

जानेवारी १९५७मध्ये एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग भरला. दर्शनी भागात वाणसामान, म्हणजे गोऱ्यांना संशय नको. रॉबिन्सन यांनी बालवर्गाची पुस्तकं आणली होती, ती लगेच बाजूला ठेवली आणि विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला बायबल वाचायचं होतं, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. पुठ्ठ्यावर लिहिलेल्या आपल्याच नावावरून पेन्सिल फिरवत हात वळू लागले. भिंतीवर मानवी हक्कांचा जाहीरनामा होता; वर्ग संपेपर्यंत तो वाचता यायला हवा, असं ठरलेलं. राजकारण शिकवलं गेलं ते असं, फॉर्म भरता भरता.

१९६१मध्ये टेनेसी सरकारने हायलँडरचा परवाना रद्द केला, पण तोवर हे वर्ग किंग यांच्या संघटनेने आपल्याकडे घेतले होते. मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर १९६३मध्ये अशा वर्गांच्या प्रशिक्षणाहून परतताना पकडल्या गेल्या, तुरुंगात त्यांना बेदम मारहाण झाली. १९६५च्या मतदान हक्क कायद्याने दक्षिणेतल्या या वाचन-परीक्षा थांबवल्या.

क्लार्कबाईंना किंग यांच्या संघटनेतल्या पुरुषांनी फारसं जुमानलं नाही, हे मला या सगळ्यात जास्त खुपतं. प्रत्येक मोर्चाचं नेतृत्व तुम्हीच करू नका, गावोगावचे पुढारी तयार होऊ द्या, असं त्यांनी किंग यांना पत्राने कळवलं होतं. ते पत्र सहकाऱ्यांसमोर वाचलं गेलं, तेव्हा सगळे हसले, असं पुढे त्यांनीच सांगितलं.