मद्यपाश आणि औषधाचा पहारा

आमच्या एका माजी विद्यार्थ्याची पत्नी परवा साश्रुनयनांनी विचारती झाली, “गुरुजी, दारू सुटण्याची ही गोळी यांच्या नकळत आमटीत कालवू का?” आम्ही म्हटले, “कदापि नको!”

ही गोळी डायसल्फिरामची. कोपनहेगनच्या हाल्ड व याकोबसेन यांनी १९४८ साली तिचा मद्यविरोधी गुण प्रसिद्ध केला. ती घेतल्यावर मद्य प्याल्यास शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचते. तोंड लाल होते, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, क्वचित प्राणही जातो. तृष्णा मात्र तिने शमत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने, स्वखुषीने व घरच्यांच्या देखत नित्य घेणाऱ्यास तिचा आधार होतो. गोळी हे केवळ कुंपण. शेत राखण्याचा संकल्प ज्याचा त्यानेच केला पाहिजे.