उतारावरची डोकेदुखी

बसा पोरांनो, जवळ या. आजची गोष्ट स्कॉटलंडमधल्या मेंढ्यांपासून निघते आणि एका बाईच्या ठणकत्या कपाळापाशी येऊन पोचते. वाट वळणावळणाची आहे, पण मोठी सुंदर आहे.

जॉर्ज बीटसन नावाचा एक तरुण डॉक्टर होता. १८७६च्या सुमाराला तो पश्चिम स्कॉटलंडमधल्या एका जहागिरीवर रुग्णाची देखभाल करायला राहिला होता. हाताशी वेळ भरपूर. शेजारच्या शेतावर कोकरांचं दूध तोडण्याचं काम चाले, ते तो बघत बसे. दूध येतं कसं आणि आटतं कसं, या प्रश्नानं त्याला असं धरलं की त्यानं आपला प्रबंधच त्यावर लिहिला. पुढे त्याला कळलं, की काही ठिकाणचे शेतकरी व्यायलेल्या गाईची अंडाशयं काढतात, म्हणजे ती दीर्घकाळ दूध देत राहते. नवल बघा! अंडाशय कुठे, कास कुठे. तरी इकडची खबर तिकडे पोचते. ती कोण पोचवतं? तेव्हा ‘हार्मोन’ हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता.

१८९५ साली ग्लासगोत ३३ वर्षांची एक बाई त्याच्याकडे आली. स्तनाचा कर्करोग हाताबाहेर गेलेला. बीटसननं तिची दोन्ही अंडाशयं काढली आणि काही महिन्यांत तिच्या गाठी विरल्या. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये त्यानं ही हकिगत छापली. रोग शेवटी परतला, पण तिला आणखी काही वर्षं मिळाली. कर्करोगाच्या काही गाठी अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसल्या जातात, याची खूण त्या बाईच्या शरीरानं जगाला दिली. तिचे उपकार मी फार मोठे मानतो.

मग शस्त्रक्रियेच्या जागी गोळी आली, तीही आडवाटेनं. १९६२ साली इंग्लंडमध्ये, चेशर परगण्यातल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत, डोरा रिचर्डसन या रसायनतज्ज्ञ बाईंनी एक पदार्थ तयार केला. शोध चालला होता गर्भनिरोधकाचा. उंदरांच्या माद्यांत त्यानं गर्भ राहीना, पण बायकांत उलटंच झालं, बीजनिर्मितीला जोर आला! पदार्थ मोडीतच निघायचा. पण तो इस्ट्रोजेनला अडवतो, हे त्याच कंपनीतल्या आर्थर वॉलपोल यांच्या ध्यानात होतं. पेशींवर इस्ट्रोजेनला बसायच्या ठरलेल्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. हा पदार्थ तिथे आधीच जाऊन बसे. मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाच्या ४६ रुग्ण बायकांना तो दिला, त्यांतल्या १० जणींना गुण आला. १९७१ साली हे प्रसिद्ध झालं. हेच टॅमॉक्सिफेन. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या कर्करोगात ही गोळी पाच वर्षं घेतली, तर त्या काळात रोग उलटण्याचा धोका निम्म्यावर येतो.

आता डोळ्यांसमोर एक बाई आणा. वय चाळिशीतलं. पाळी आली, की अर्धशिशी ठरलेली. अर्धं डोकं ठणकतंय, उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास आला तरी उलटी. खोली अंधारी करून पडायचं आणि उठल्यावर घरच्यांची माफी मागायची. असल्या दुखण्याची माफी मागावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं. मग या बाईला स्तनाचा कर्करोग होतो. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन, आणि शेवटी हार्मोन अडवणारं औषध. अंग दुखतं, अंगातून गरम वाफा निघतात. आणि काही महिन्यांनी तिच्या ध्यानात येतं, की अर्धशिशी काही आली नाही. काही बायकांच्या बाबतीत हे खरोखर घडतं.

“पण आजोबा, औषध तर कर्करोगाचं!”

बरोबर. मग त्यानं अर्धशिशी कशी थांबली? ते कळायला ऑस्ट्रेलियात जाऊ. ब्रायन सॉमरव्हिल नावाचे डॉक्टर. पाळीच्या वेळी अर्धशिशी होणाऱ्या मोजक्या बायकांना त्यांनी पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेनचं इंजेक्शन दिलं. पाळी आली वेळेवर, डोकेदुखी मात्र लांबली, आणि इंजेक्शनचा अंमल ओसरल्यावर आली. प्रोजेस्टेरॉन हे अंडाशयाचंच दुसरं हार्मोन दिलं तेव्हा पाळी लांबली, पण डोकेदुखी आपल्या वेळेवर हजर! १९७२ साली त्यांनी हे मांडलं. म्हणजे डोकं पाळीमुळे दुखत नव्हतं. इस्ट्रोजेन झपाट्यानं खाली आलं, की दुखत होतं.

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना कानांत दडे बसतात ना? महाबळेश्वरात नाही बसत, पोलादपुरात नाही बसत, उतारावर बसतात. तसंच हे. म्हणून तर वयात येईपर्यंत मुलगे आणि मुली यांच्यात अर्धशिशीचं प्रमाण जवळपास सारखं असतं, पुढे बायकांत ते पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतं. गरोदरपणाच्या उत्तरार्धात, इस्ट्रोजेन चढतं आणि वरच राहतं तेव्हा, पुष्कळजणींना आराम पडतो. पाळी जायच्या आधीच्या बेभरवशाच्या वर्षांत दुखणं उसळतं, आणि ती कायमची गेली की बहुतेकींचं निवळतं.

आता कर्करोगाच्या औषधांकडे बघा. गोसेरेलिनचं इंजेक्शन अंडाशयांना निजवतं. पहिले काही दिवस हार्मोन उलट उसळतात, तेव्हा डोकं जास्तही दुखू शकतं. मग महिन्याचा चढउतारच थांबतो. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल ही औषधं पाळी गेल्यावर चरबीत तयार होणारं इस्ट्रोजेनही बंद पाडतात. टॅमॉक्सिफेनचं कोडं अवघड आहे. ते रक्तातलं इस्ट्रोजेन कमी करत नाही, आणि कुठे इस्ट्रोजेनला अडवतं, तर कुठे, जसं हाडांत, त्याच्यासारखंच वागतं. तरी पाळीच्या अर्धशिशीवर ते मोजक्या बायकांना देऊन पाहिल्याचं १९९० साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आलं होतं, आणि गुण दिसला होता.

सगळ्यांनाच आराम पडतो असं मात्र नाही. काहींची डोकेदुखी याच औषधांनी सुरू होते किंवा वाढते. आणि नुसत्या अर्धशिशीसाठी ही औषधं कोणी मागू नयेत. टॅमॉक्सिफेननं रक्ताच्या गुठळ्यांचा आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. इस्ट्रोजेन बंद पाडणाऱ्या औषधांनी हाडं ठिसूळ होतात. कर्करोगापुढे हा सौदा रास्त आहे, डोकेदुखीपुढे नाही.

तुमच्या घरात आई, मावशी, आत्या कोणी ही औषधं घेत असेल, तर तिला एवढं करायला सांगा. डोकं कधी दुखलं, कधी थांबलं, तारखा वहीत लिहायच्या आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवायच्या. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकत असतील, तर तेही सांगायचं, कारण तशा अर्धशिशीत पक्षाघाताचा धोका थोडा जास्त असतो. पॅरॉक्सेटीनसारखी मनाची औषधं टॅमॉक्सिफेनचा प्रभाव कमी करू शकतात, म्हणून दुसरी कुठलीही गोळी आधी विचारूनच घ्यायची. आणि डोकेदुखी थांबली काय, वाढली काय, कर्करोगाची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.