वृद्धाश्रमात वृद्धांचे पडणे आणि कुटुंबीयांचे हक्क

सरसेनापती प्रतापराव गुजर यांनी २४ फेब्रुवारी १६७४ रोजी जेथे बलिदान केले, ते नेसरी कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यात आहे. या परिसरातील अनेक घरांतील कर्ती माणसे गिरण्यांच्या काळापासून मुंबईची वाट धरीत आली. मागे राहिलेल्या आईवडिलांना पूर्वी भाऊबंदांचा व शेजाऱ्यांचा आधार असे. आता काही कुटुंबांना वृद्धाश्रमाचा आश्रय घ्यावा लागतो. तेथे वृद्ध व्यक्ती पडून जायबंदी झाल्यास जबाबदारी कोणाची, याची माहिती मात्र फार थोड्यांना असते.

पडणे हा दैवाचा भाग नव्हे

“वय झाले, पडायचेच” असे म्हणून हा विषय बहुधा संपविला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. यात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे. खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध अंथरुणास खिळला, की शय्याव्रण व न्यूमोनिया यांचा धोका वाढतो.

रात्री लघवीसाठी अंधारात उठणे, ओली न्हाणी, उंच खाट, मोतीबिंदू, झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे येणारी भोवळ ही पडण्याची नेहमीची कारणे होत. न्हाणीत व शौचालयात धरावयास दांडी, न घसरणारी फरशी, रात्रभर मंद दिवा, हाकेच्या अंतरावर सेवक आणि औषधांची वेळोवेळी तपासणी, एवढ्याने पुष्कळसे अपघात टळू शकतात.

दाद कोठे मागावी?

प्रत्येक पडणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. परंतु धोका ठाऊक असूनही वाजवी खबरदारी घेतली गेली नसेल, तर संस्था उत्तरदायी ठरू शकते.

शुल्क घेणाऱ्या वृद्धाश्रमाविरुद्ध ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे भरपाई मागता येते. शुल्क भरणारा मुलगा आणि सेवा घेणारे वडील हे दोघेही ग्राहक ठरतात. ग्राहकाचा मृत्यू झाल्यास त्याच्या वारसांना तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची असते. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेही तक्रार दाखल करता येत असल्याने मुंबईस्थित मुलास त्यासाठी कोल्हापूरला यावे लागत नाही. सर्वांना विनामूल्य सेवा देणारी संस्था या अधिनियमाच्या कक्षेत येत नाही. तिच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयाचा मार्ग असतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये पोलिसांत फिर्याद देता येते.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ याबाबत पुष्कळदा गैरसमज होतो. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरण मुलांकडून निर्वाह भत्ता देवविते. अपघाताची भरपाई ते देत नाही. उलट, सांभाळण्याची जबाबदारी असलेल्याने वृद्धास कायमचे टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वृद्धाश्रमात ठेवल्याने मुलांचे कर्तव्य संपत नाही, हेच या तरतुदीचे मर्म होय.

कागद आणि काळजी

प्रवेशाच्या वेळी वृद्धाचे आजार, चालू औषधे व पूर्वी पडल्याच्या घटना लेखी द्याव्यात आणि त्याची पोच घ्यावी. करारनामा व पावत्या जपून ठेवाव्यात. अपघात घडल्यास प्रथम उपचार करून घ्यावेत. त्यानंतर घटनेची वेळ, जागा व त्या वेळी हजर असलेली माणसे यांची नोंद संस्थेच्या वहीत करवून तिची प्रत मागावी आणि जागेची छायाचित्रे घ्यावीत. उपचाराचे कागद मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांना या कामी मोठा वाटा उचलता येईल. ग्रामसभेत या तरतुदी समजावून सांगणे, परिसरातील वृद्धाश्रमास भेट देऊन न्हाणीतील दांडी व रात्रीचा दिवा पाहणे आणि गरजूंना १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीची माहिती देणे, ही कामे खर्चाची नाहीत. हाड मोडल्यावर भरपाईसाठी झगडण्यापेक्षा दिवा वेळेवर लावला जाणे केव्हाही श्रेयस्कर होय.