आठवडे की कोटी?

गेल्या हिवाळ्यात आई आमच्याकडे मुहैस्नाहला आली होती. जेवताना लेक म्हणाला, "आजी, 'सैराट' मराठीतला सगळ्यात मोठा हिट, 100 कोटींच्या वर!" आईने विचारलं, "किती आठवडे चालला?" त्याला प्रश्नच कळेना.

तिच्या पिढीत सिनेमाचं यश आठवड्यांवर मोजत. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' 1959 साली पुण्याच्या विजयानंदला लागला, तो 131 आठवडे हलला नाही. तेव्हा प्रिंट मोजक्या; सिनेमा एका थिएटरात मुक्काम ठोकायचा आणि लोक त्याच्याकडे यायचे. 2016 चा 'सैराट' एकदमच शेकडो पडद्यांवर झळकला, तिकिटंही कितीतरी महाग. मग आठवड्यांची कोटींशी तुलना करायची कशी? खरं तर विकली गेलेली तिकिटं मोजायला हवीत. पण तो हिशेब ठेवलाय कुणी!

विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' 1991 मध्ये आला. आईने तो पाच वेळा पाहिला. का, ते मी कधी विचारलंच नव्हतं. "मोकळेपणी रडायला तेवढीच एक जागा होती गं," पोळी वाढता वाढता ती म्हणाली.

शनिवारी तिघांनी मिळून तो टीव्हीवर लावला. तिची सहावी वेळ.