घारापुरीचे दोन उजेड

वैनगंगेकांठच्या कारध्याहून मुंबईस गेलों असतां आम्ही लाँचेनें घारापुरीचें बेट पाहून आलों. वाटाड्यानें तासाभरांत मुख्य लेणें दाखविलें. सुमारें सहाव्या शतकांतील या शिवमूर्तींची पोर्तुगीज अमदानींत बरीच नासधूस झाली. तथापि सुमारें १८ फूट उंच सदाशिवाच्या मुद्रेवरील शांति ढळलेली नाहीं. ‘त्रिमूर्ति’ हें लोकांतलें नांव. तीं मुखें एकट्या शिवाचींच होत.

१९८७ सालीं लेण्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला. पण बेटावरील वाड्यांत कायमची वीज आली ती २०१८ सालीं, समुद्रतळावरून टाकलेल्या तारेनें! देवाची कीर्ति आधीं पसरली, मुलांच्या पुस्तकावर उजेड मागाहून पडला. जन्मभर मुलें शिकविलेल्या आम्हांस हें शल्य बोचलें. वाचकहो, घारापुरीस जाल तेव्हां लेण्यांबरोबर वाडीही पाहून या.