गुडघा बरा झाला, पण...

आवणीचे दिवस होते. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली ओळखीची बाई दहा वर्षांच्या लेकीला घेऊन घोडेगावला माझ्या दारात उभी राहिली. पोरीचा गुडघा टम्म फुगलेला. "ताई, परवा घोटा धरला होता. तो राहिला, तर आता गुडघा. रातभर रडती." निरगुडीचा शेक देऊन झाला होता. वाढीचं दुखणं आहे, असं शेजारणींनी सांगून झालं होतं. अंगात बारीक तापही होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघा पाहिला आणि विचारलं, "गेल्या महिन्यात हिचा घसा दुखत होता का?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. गुडघ्याचा आणि घशाचा काय संबंध? मग आईला आठवलं. तीन आठवड्यांमागं पोरीला गिळता येत नव्हतं. मिठाच्या गुळण्या केल्या, राहिलं.

संबंध तोच होता. या आजाराला ऱ्हुमॅटिक फीवर, म्हणजे संधिवाताचा ताप म्हणतात. तो बहुतेक ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो. घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस नावाच्या एका जंतूपासून त्याची सुरुवात होते. या जंतूच्या अंगावर 'एम' नावाच्या प्रथिनाची लव असते. रिबेका लान्सफिल्ड या अमेरिकन संशोधक बाईंनी १९२८ मध्ये ते ओळखलं. गंमत म्हणा की घात म्हणा, या प्रथिनाचे काही भाग आपल्या शरीरातल्या, विशेषतः हृदयातल्या प्रथिनांसारखे दिसतात. चोरानं घरच्याच माणसासारखा सदरा घालून यावं, आणि चोर पळाल्यावरही राखणदारानं तसा सदरा दिसेल त्याला बडवत सुटावं, तसं होतं. सुजलेल्या गुडघ्यात जंतू नसतोच. शरीर स्वतःवरच उलटलेलं असतं.

असाच एक किस्सा अमेरिकेतला. १९७५ च्या सुमारास लाइम या गावाच्या परिसरात पॉली मरे नावाच्या आईनं मुलांच्या दुखऱ्या सांध्यांच्या नोंदी ठेवल्या आणि डॉक्टरांचा पिच्छा पुरवला. त्यातून 'लाइम' आजार उघडकीला आला. तो गोचीड चावून होतो. त्याही जंतूच्या अंगावरच्या प्रथिनांनी शरीर खवळतं आणि गुडघे सुजतात. आईच्या वहीला कमी लेखू नये, एवढंच म्हणते.

आपल्या पोरीचं पुढे काय झालं? औषधानं गुडघा आठवड्यात उतरला. या आजारात सांधे कायमचे बिघडत नाहीत, आणि तिथंच आपण फसतो. सांधे मोकळे होतात, पण हृदयाच्या झडपा आतून खराब होऊ शकतात, आणि ते दिसत नाही. पुन्हा घसा धरला की पुन्हा मारा, झडप आणखी जाड. म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. ते ५ वर्षं किंवा अठरापर्यंत, हृदयाला झळ लागली असेल तर १० वर्षं किंवा पंचविशीपर्यंत, आणि काहींना त्याहूनही पुढे.

तीन इंजेक्शनं झाल्यावर ही माउली यायची बंद झाली. मी वाडीवर गेले. "पोरगी उड्या मारती ताई. इंजेक्शनाच्या दिवशी माझा रोज बुडतो, गाडीभाडं वेगळंच." मग हळूच म्हणाली, "आणि पुढं लग्नाच्या टायमाला कुणी विचारलं, कसली इंजेक्शनं घेती म्हणून?"

मी तिला माझ्या माहितीतल्या एका सुनेची गोष्ट सांगितली. लहानपणी सांधे धरायचे, हे माहेरच्यांनी लपवलं होतं. सातव्या महिन्यात तिला जिना चढवेना, रात्री उशीला टेकून बसायची. दिवस गेल्यावर असं होतंच, असं सगळे म्हणाले. तपासलं तर हृदयाची झडप अरुंद झालेली. गरोदरपणात रक्त वाढतं, तेव्हा अशा झडपेवरचा ताण वाढतो. बाळ-बाळंतीण वाचली, पण धावपळीला सुमार नव्हता. वेळेवर घेतलेल्या इंजेक्शनांची लाज कसली? ती गरोदरपणातही थांबवायची नसतात.

प्रत्येक घसादुखीला घाबरू नका. सर्दी-खोकला असेल तर ती बहुधा साधीच असते. पण सर्दी नाही, ताप आहे, गिळवत नाही, गळ्याला गाठी आल्यात, तर दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा आणि दिलेला डोस बरं वाटलं तरी पुरा करा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत येतात. त्यांच्या तपासणीत हा हृदयविकारही आहे. पथक येईल त्या दिवशी पोरीला हिरडा गोळा करायला पाठवू नका.

ती पोरगी आता नववीत आहे. त्यांच्या घरातल्या कॅलेंडरवर दर २१ दिवसांनी लाल गोल असतो. परवाचा गोल तिनं स्वतःच केला होता.